गोराईच्या विहिरीवरची कळशी

मुलुंडहून गोराईला जायचं म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. टॅक्सीने बोरिवली, बोरिवलीच्या धक्क्यावरून बोट, की पलीकडे गोराई. आमच्या सोसायटीतली पोरं मनात आलं की संध्याकाळी जाऊन येतात आणि त्याचा कुणाला पत्ताही लागत नाही. तरीही मी हे प्रवासवर्णन लिहायला बसले आहे, कारण दवाखाना सोडून माझा इतक्या वर्षांतला हा सगळ्यात लांबचा प्रवास होता. आणि इतक्या जवळ जाणं ज्याला एवढं महागात पडलं असं दुसरं माणूस माझ्या माहितीत नाही.

मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे दुखतात तो नव्हे, दुसरा. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. तो झाला तेव्हा मी चाळिशीतही नव्हते. सकाळी मूठ वळत नाही. पेस्टचं टोपण प्रकाश उघडून ठेवतो, ब्लाऊजची बटणं तोच लावतो. प्रकाश म्हणजे माझा नवरा. दहा वाजेपर्यंत मी माणसात येते आणि चारच्या सुमाराला पुन्हा माणसातून उठते. हे रोजचं. पण कधीतरी, का ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही, एखादा दिवस सुटतो. जाग येते आणि बोटं आपली वाटतात. शेजारच्यांचं पार्सल चुकून आपल्या दारात यावं तसा तो दिवस येतो. आनंद होतो, पण कान दाराच्या घंटेकडे असतात.

असे दिवस मी कुणाला सांगत नाही. एका गणपतीत घाटकोपरला जावेच्या घरी असाच दिवस उजाडला आणि मी हौसेने खवणीवर बसून नारळ खवले. दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलेना, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "काल खवणीवर बरी बसली होतीस गं!" त्या दिवसापासून कानाला खडा लावला. आजारी माणसाने सारखं आजारी असावं, म्हणजे लोकांना हिशेब लागतो. एक दिवस बरं वाटलं की बाकीचे सगळे दिवस खोटे ठरतात.

आमच्या सासूबाईंचंही इथेच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. त्यांना उठवायचं, कुशीवर वळवायचं, न्हाऊ घालायचं, सगळं दुसऱ्याने करायचं. दोन मुलगे, तेव्हा सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असं ठरायला हवं होतं. पण मला साधी उशी उचलवत नाही, म्हणून आई घाटकोपरलाच राहिल्या, दादा आणि वहिनींकडे. दादा म्हणजे प्रकाशचे मोठे भाऊ, वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. त्या तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बरं असतं बाई, आजार असला की सुटका होते." बोलणं लागलं होतं, पण आईंना उचलून उचलून वहिनींची कंबर गेली आहे हेही मला दिसत होतं. कमरेला पट्टा बांधून स्वयंपाक करणाऱ्या बाईशी काय भांडणार?

धक्का

आमंत्रण रेजिनाचं होतं. माझं माहेर बोरिवलीचं, आणि रेजिना माझ्या वर्गात. ती गोराईहून रोज बोटीने शाळेत यायची आणि ओहोटी असली की घोट्यापर्यंत चिखल घेऊन वर्गात शिरायची. तिच्या मुलाचं, नेल्सनचं लग्न होतं. "आदल्या दिवशीच ये गो, खरी मजा आदल्या दिवशी असते," ती फोनवर म्हणाली. मी म्हटलं, "बघू." कुठल्याही आमंत्रणाला माझं हेच उत्तर असतं. लोकांना वाटतं, बाईला भाव चढलाय.

त्या सकाळी मी उठले आणि पेस्टचं टोपण स्वतः उघडलं. प्रकाश बाथरूमच्या दारात उभा राहून बघत होता.

"बॅग भरू?" त्याने हळूच विचारलं. मोठ्याने विचारलं तर दिवस पळून जाईल असं त्यालाही वाटलं असावं.

धक्क्यावर भरती होती, म्हणजे नशीब जोरावर होतं. ओहोटीला बोट खाली जाते आणि शेवाळलेल्या पायऱ्या उतराव्या लागतात. तसं असतं तर मी तिथूनच परत फिरले असते. बोटीत माणसांआधी मोटरसायकली चढल्या, मग माशांच्या रिकाम्या पाट्या घेतलेल्या बायका, मग आम्ही. एका बाईने माझ्या पायातल्या डॉक्टरी चपलांकडे बघितलं. जाड तळवा, तीन पट्टे, रंग खाकी. "किती छान मऊ असतील ना?" ती म्हणाली. या चपलांचं कौतुक करणारी ती पहिलीच. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत, मागे बोरिवलीचे टॉवर, पुढे पॅगोडाचा सोनेरी घुमट. वारा खारट होता. पाच-सात मिनिटांत सगळं संपलं आणि मला वाईट वाटलं. आणखी तासभर चालली असती तरी मी कुरकुर केली नसती.

गोराई

मांडवात पोचलो तर बायकांचा घोळका मोठ्या कढईभोवती बसला होता. फुगे चालले होते. फुगे म्हणजे मैद्याच्या आंबवलेल्या सैल पिठाचे तळलेले गोळे. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती लोकांचं, लग्न यांच्यावाचून होत नाही. आपल्या पुरीसारखं लाटणं वगैरे नाही. पीठ मुठीत घ्यायचं, मूठ आवळायची, अंगठा आणि बोटाच्या मधून वर फुगा येतो, तो तोडून तेलात सोडायचा. रेजिनाची मावशी, फिलूमावशी, हे न बघता करत होती. तोंडाने ती कॅटररच्या नावाने शंख करत होती आणि मूठ आपोआप चालली होती.

"बसून काय रेलीस? ये, मूठ वल," मावशी मला म्हणाली.

मला हसू आलं. दर तीन महिन्यांनी डॉक्टर मला हेच सांगतात, "मूठ वळून दाखवा." मी वळते, ती अर्ध्यावर अडते, ते लिहून घेतात आणि गोळी वाढवतात. इथे एक म्हातारी मला पिठाच्या परातीपाशी बसवून तेच सांगत होती. मी मूठ वळली. ती वळली. पहिला फुगा बाहेर आला तो शेपटी घेऊनच.

"हो फुगा हाय का उंदीर?" मावशीने विचारलं आणि सगळ्याजणी खिदळल्या.

मग मी उंदीर करत राहिले. शेवटी शेवटी ते गोल व्हायला लागले. खाली बसून, पाय दुमडून, तेलाची धग तोंडावर घेत मी काम करत होते आणि कुणी मला "तू राहू दे" म्हणत नव्हतं. आमच्या नात्यातल्या लग्नात मी पोचले की आधी खुर्ची येते. मग मांडीवर पर्सा येतात. नाचायला, फोटोला, हात धुवायला जाताना प्रत्येकजण आपली पर्स ठेवून जातो, कारण मी कुठे जाणार नसते. एका हळदीत माझ्या मांडीवर एवढ्या पर्सा होत्या की माझ्या साडीचा रंग कुणाला दिसला नसेल.

जेवायला बाटली मसाल्यातलं मटण होतं. वर्षभराचा मसाला कुटून बियरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून बाटली मसाला. आमच्या मालवणी मसाल्याचा ठसका घशाला लागतो, याचा कानाला लागतो. मी फुगा बुडवून खात होते आणि प्रकाशच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तिखट आहे," तो म्हणाला. त्याने मटणाला अजून हात लावलेला नव्हता.

संध्याकाळी उंबराचं पाणी. लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका लुगडी नेसून, बँडबाजा लावून गावच्या विहिरीवर जातात, कळश्या भरून आणतात आणि त्या पाण्याने नवऱ्यामुलाला न्हाऊ घालतात. येशूला मानणारी माणसं, पण विहिरीला विडा-नारळ दिल्याशिवाय पाण्याला हात लावत नाहीत. आमच्या मालवणातल्या, गाव राखणाऱ्या देवचारालाही हे बघून घरच्यासारखं वाटलं असतं. फिलूमावशीने मला लाल लुगडं नेसवलं, गाठ मारताना पोटात श्वास कोंडला. माझ्या तीन पट्ट्यांच्या चपला त्या लुगड्याखालून रेल्वेच्या हमालासारख्या दिसत होत्या. रेजिना म्हणाली, "काढ गो त्या!" मी काढल्या. अनवाणी निघाले.

विहिरीवर मला वाटलं, मी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवणार. रेजिनाने सरळ माझ्यापुढे पितळेची कळशी धरली.

"घरातल्या बायकांनी उचलायची ना?" मी म्हटलं.

"मग? तू कोण, पोलीस?" ती म्हणाली. "पण ऐक, आमच्या घरची रीत आहे. एकदा विहिरीवरून उचलली की मांडवात जाईपर्यंत खाली टेकवायची नाही. जमलं नाही तर मला दे, लाजू नको."

मी उचलली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कळशी, कळशीला माझे दोन हात. पाणी काठोकाठ होतं. प्रत्येक पावलाला ते हिंदकळून माझ्या कपाळावरून, मानेवरून पाठीत जात होतं. पुढे बँड बेसूर आणि दणदणीत वाजत होता. बायका नाचत होत्या, कळश्यांसकट. एका वळणावर माझेही पाय हलले. मी ठरवलं नव्हतं. रेजिना दोनदा म्हणाली, "दे गो." मी दिली नाही. दिली असती तर रडले असते.

प्रकाश मोबाईल धरून आमच्यापुढे उलटा चालत होता. एकदा तो ट्रंपेटवाल्यावर आपटला आणि त्याची शिवीही त्याने हसत घेतली. मी त्याला ओरडून विचारलं, "कशी दिसतेय?" त्याने नुसता मोबाईल उंच धरला.

कळशी मांडवात टेकवली तेव्हा खांदे थरथरत होते. मी सुखी होते. याला दुसरा शब्द मी शोधणार नाही.

गोराई, लग्नाचा दिवस

सकाळी बोटं गेलेली होती. त्याचं मला काही वाटलं नाही. पार्सल परत गेलं, एवढंच. प्रकाशने ब्लाऊजची बटणं लावली, केस विंचरले, आणि मग उत्साहाने मोबाईल माझ्यासमोर धरला.

"बघ, किती जणांनी बघितलं!"

त्याने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता. आमच्या ग्रुपवर सगळे आहेत, कणकवलीच्या आत्यापासून घाटकोपरच्या दादा-वहिनींपर्यंत. खाली त्याने लिहिलं होतं, "खूप वर्षांनी!" आणि पुढे नाचणारी बाई. लोकांनी अंगठे दिले होते, फुलं दिली होती. आत्याने "देव पावला" लिहिलं होतं. सगळ्यात शेवटी वहिनी होत्या: "छानच! बरी झालीस, हे बरं झालं."

"प्रकाश, तू काय केलंस हे?"

"काय केलं? मी खूश झालो होतो गं."

"माझ्या डोक्यावर भरलेली कळशी आहे. आणि मला आईंची उशी उचलवत नाही."

मग त्याला कळलं. त्याचा चेहरा एवढा उतरला की मला त्याच्यावर नीट चिडताही आलं नाही. त्याने घाईघाईने व्हिडिओ डिलीट केला. म्हणजे ग्रुपवर आता "हा मेसेज डिलीट केला आहे" असं आलं. लपवाछपवीही झाली. वाट लागली ती पूर्ण लागली.

चर्चमध्ये फादर मराठीतून वदवून घेत होते, सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात. नेल्सन घामाघूम होऊन म्हणत होता. प्रकाशने माझा हात धरला, नेमका सुजलेल्या पेरावर. मी काढून घेतला नाही. आजारात साथ द्यायला प्रकाशला कुणी शिकवावं लागलं नाही, त्याने ती मुकाट दिली आहे. बायको एक दिवस बरी झाली तर काय करायचं, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो सगळ्यांना सांगत सुटला.

परतताना ओहोटी होती. त्या शेवाळलेल्या पायऱ्या मी बसून उतरले, एकेक. बोटीतल्या लोकांनी नजर दुसरीकडे वळवली. याचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

पुन्हा मुलुंड

घरी आल्यावर मी जे केलं ते प्रवासापेक्षा दमवणारं होतं. आत्याचा फोन आला, मी म्हटलं, "कसलं बरं, रात्रभर कण्हत होते." खरं म्हणजे मी रात्रभर मेल्यासारखी झोपले होते. चुलतसासूला सांगितलं, "जबरदस्तीने नाचवलं हो त्यांनी." बिचारी रेजिना! मग वहिनींचा फोन आला.

"कळशी बरीच जड असेल ना गं?" त्या म्हणाल्या. आवाज गोड होता.

"रिकामी होती हो," मी म्हटलं. "नुसती फोटोपुरती."

"अच्छा. मग पाठीवरून गळत होतं ते काय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग वहिनींचा गोडवा गेला आणि खरा, थकलेला आवाज आला. "शुभा, मला माणूस म्हणून पण सुट्टी नको का? माझा एक दिवस पण चांगला जात नाही. तुला निदान एक मिळतो." त्यांनी फोन ठेवला. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांचं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं.

प्रकाश दादांशी बोलला, डॉक्टरांचे कागद पाठवले. दादा म्हणाले, "कागद आहेत रे, पण आम्ही डोळ्यांनी बघितलं ना." पुढच्या गुरुवारी ते आईंना आमच्याकडे राहायला घेऊन येणार असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. प्रकाशने दिवसभराची बाई शोधायला सुरुवात केली. ती अजून मिळालेली नव्हती.

आणि या सगळ्यात मी एक गोष्ट हरवली. रात्री डोळे मिटले की मला ती कळशी आठवायची, पण आता हलकी. सगळ्यांना रिकामी रिकामी सांगून मलाच ती रिकामी वाटायला लागली होती. आजार सिद्ध करायचा म्हणून मी माझा चांगला दिवस स्वतःच्या हाताने पुसत होते. ज्याच्यावर पुढचे कितीतरी महिने काढायचे, तोच.

गुरुवारी ते अकराच्या ऐवजी नऊलाच आले. प्रकाश खाली औषधाच्या दुकानात गेला होता. बेल वाजली. मी दारापाशी गेले, पण आमची कडी जुनी, चिमटीत धरून ओढावी लागते, आणि चिमूट होईना. मी मनगटाने ढकलली, तळव्याने ढकलली. बाहेरून दादांचा आवाज, "अगं, उघड ना!" बेल पुन्हा. मग वहिनी म्हणाल्या, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "कळशी उचलते, कडी उघडत नाही!"

शेवटी मी कोपराने कडी सरकवली. दार उघडलं तेव्हा मला घाम फुटला होता. समोर चाकाच्या खुर्चीत आई होत्या. मांडीवर शाल, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यांच्यामागे दादा, आणि पट्टा बांधलेल्या वहिनी. वहिनींच्या हातात आईंच्या कपड्यांची बॅग होती, पण ती त्यांनी खाली ठेवली नव्हती. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. बोटं सकाळची, सुजून जाड झालेली, अजून वाकडी धरलेली. वहिनी काहीतरी बोलणार होत्या. मला वाटलं, या आता बॅग घेऊन परत जातील. मी जरा कण्हायला हवं होतं, बस, एवढंच.

तेवढ्यात आई बोलल्या. त्यांचे शब्द आता घसरतात, वाट बघावी लागते. लग्न होऊन त्या मुंबईला आल्या त्याआधी, गावी असताना, घाटीखालच्या विहिरीवरून पाणी भरायच्या. वहिनींच्या मुलीने नंतर सांगितलं, व्हिडिओ डिलीट होईपर्यंत आई तो पुन्हा पुन्हा लावायला सांगत होत्या.

"कळशी..." आई म्हणाल्या. "भरलेली होती मा गो?"

दादा, वहिनी, दोघांनीही माझ्याकडे बघितलं. रिकामी होती, हे मी इतक्या जणांना सांगितलं होतं, आणखी एकीला सांगायला काही लागणार नव्हतं.

"भरलेली होती, आई," मी म्हटलं. "काठोकाठ. मांडवापर्यंत खाली ठेवली नाही."

आईंचा अर्धा चेहरा हसला.

"ऐकलंत?" वहिनी दादांना म्हणाल्या, आणि त्यांनी बॅग उंबऱ्याच्या आत ठेवली.